ड्रीमवर्ल्ड : किंचाळा, पण भरवशावर!

डेडलाइनने पोटात येणारा गोळा वेगळा आणि शंभर मीटरवर पाय लोंबकळत असताना येणारा वेगळा! हा दुसरा गोळा अनुभवायचाय? मग ऑस्ट्रेलियातल्या गोल्ड कोस्टवरचं ‘ड्रीमवर्ल्ड’ गाठा. ब्रिस्बेनहून गोल्ड कोस्टची ट्रेन पकडायची, कूमेराला उतरायचं. पार्क हायवेला अगदी लागूनच आहे.

या पार्कचा जन्मही भन्नाट. जॉन लाँगहर्स्ट या उद्योजकाच्या डोक्यात डिस्नेलँडचं वेड शिरलं. १९७४ मध्ये त्याने इथे ८५ हेक्टर जमीन घेतली आणि नदी हवी म्हणून चक्क स्वतः बुलडोझरवर बसला. रोज बारा तास, सलग दोन वर्षं! ऑस्ट्रेलियाची मरे आणि अमेरिकेची मिसिसिपी यांची गंमतशीर भेसळ करून नदीचं नाव ठेवलं ‘मरिसिपी’. १५ डिसेंबर १९८१ ला पार्क सुरू झालं.

नव्वदच्या दशकात इथे थ्रिलचा धडाकाच लागला. १९९५ मध्ये वाघ आले, १९९७ मध्ये ताशी १६० किलोमीटर वेगाने सुटणारा ‘टॉवर ऑफ टेरर’. पुढच्याच वर्षी त्याच टॉवरवर ‘जायंट ड्रॉप’ आली. आरामात वर नेतात, गोल्ड कोस्टचा नजारा दाखवतात आणि मग ११९ मीटर थेट खाली! २००१ पासून ऑस्ट्रेलियन ‘बिग ब्रदर’चं घरही याच आवारात होतं.

आणि मग २५ ऑक्टोबर २०१६ उजाडला. ‘थंडर रिव्हर रॅपिड्स’ ही तर फॅमिली राइड, धाडसी वगैरे अजिबात नाही. त्या दिवशी तिचा पंप बंद पडला. तोही तिसऱ्यांदा. पाण्याची पातळी घसरली, एक तराफा अडकला आणि मागून आलेला दुसरा त्याच्यावर आदळला. चौघांचा जीव गेला. २०२० मध्ये कोरोनरचा अहवाल आला, तो वाचून सुन्न व्हायला होतं. पाणी कमी झाल्याचं ओळखून राइड आपोआप थांबवणारा सेन्सर तिथे नव्हता. त्याची किंमत? जेमतेम काही हजार डॉलर. त्याच वर्षी कंपनीला ३६ लाख डॉलरचा दंड झाला. त्याआधी २०१७ मध्येच क्वीन्सलँडने कामाच्या ठिकाणच्या निष्काळजीपणाने मृत्यू झाल्यास मालकांना थेट तुरुंगात धाडणारा कायदा केला होता.

ती राइड पाडून टाकली. टॉवर ऑफ टेररही २०१९ मध्ये निवृत्त झाला. चाळिसाव्या वाढदिवसाला, डिसेंबर २०२१ मध्ये, ‘स्टील टायपन’ आली. पुढे, मागे, पुन्हा पुढे अशी तीनदा झेप घेणारी, ताशी १०५ किलोमीटरची रोलरकोस्टर! ऑस्ट्रेलियातल्या जहाल विषारी सापाचं नाव तिला शोभतंच.

मग जायचं की नाही? जायचंच! पण एक लक्षात ठेवा. वरून खाली सुटताना आपण किंचाळतो, कारण आतून आपल्याला खात्री असते की खाली सुखरूप पोचणार. ही खात्री कुणीतरी रोज सकाळी पंप, पट्टे आणि ब्रेक तपासून आपल्याला देत असतं. तेव्हा तासभर रांगेत उभे राहिलात आणि ऐन नंबर आल्यावर ‘तपासणीसाठी राइड बंद’ अशी घोषणा झाली, तर वैतागू नका. आइस्क्रीम घ्या, वाघ बघून या. थांबवलेली राइड हीच खरी चांगली राइड!