गाइडच्या पथकाला एक काकू हवी



पिकाला वेळेवर हात लागावा लागतो, तसाच वाढत्या लेकीलाही लागतो. तो हात दर वेळी आईबापाचाच असला पाहिजे असे नाही. गावोगाव शिवारे पालथी घालताना शाळेच्या मैदानावर गाइडच्या मुली मी पुष्कळदा पाहिल्या. आज बोलायचे आहे ते त्यांच्या पाठीशी उभ्या राहणाऱ्या मोठ्या माणसांविषयी.

ही चळवळ १९१० साली इंग्लंडात सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी जबलपूरला आपल्या देशातले पहिले पथक निघाले. पुण्यात १९६६ पासून ‘संगम’ हे गाइडांचे जागतिक केंद्र आहे. तिथे देशोदेशीच्या स्वयंसेविका येऊन राबतात. आपल्याला मात्र आपल्याच आळीतल्या मुलींसाठी आठवड्याची एक दुपार सापडत नाही!

गाइड होऊन काय मिळते, असे तुम्ही विचाराल. एका वस्तीवर सुगीत विळ्याने बापाचा हात कापला. घरचे हळद शोधत होते. नववीतल्या लेकीने स्वच्छ फडका जखमेवर घट्ट दाबून धरला, हात वर धरायला लावला, ओढणीची झोळी करून तो गळ्यात अडकवला आणि बापाला दवाखान्यात नेले. ही विद्या ती पथकात शिकली होती. सहा-आठ मुलींचा एक संघ आणि त्यांच्यातलीच एक संघनायिका. तंबू ठोकणे, उघड्यावर चूल मांडणे, नकाशा वाचणे आणि चारचौघांत बोलणे हे सारे तिथे शिकवतात.

ते पथक आज बंद आहे. बाईंची बदली झाली. गाइड पथकाची कॅप्टन स्त्रीच लागते आणि गावातली एकही पुढे आली नाही.

का आली नाही? शिकलेल्या सुना घरोघर आहेत. पण ‘धारा कोण काढील?’ आणि ‘लोक काय म्हणतील?’ या दोन प्रश्नांपुढे त्यांचे पाऊल अडते. दादांनो, पहिल्या प्रश्नाचे उत्तर तुमच्याच हातात आहे. एक दिवस धारा तुम्ही काढा. दुसऱ्याचे उत्तर सासूबाईंनी द्यावे. त्या बोलल्या की गाव गप्प बसते. काम कसे करायचे ते संस्थेच्या प्रशिक्षण शिबिरात शिकवतात.

इतरांनाही काम आहे. खुंट्याला दावे बांधणाऱ्या आजोबांनी कॅप्टनच्या देखत गाठी शिकवाव्यात. आरोग्यसेविकेने साप चावल्यावर काय करू नये ते सांगावे. शिबिराला सोबत म्हणून दोघी आयांनी जावे, म्हणजे मुलीला पाठवताना बापाच्या जिवाला घोर राहणार नाही.

येत्या आठवड्यात शाळेत जा. मुख्याध्यापकांना एवढेच विचारा, मुलींचे पथक चालू आहे का? नसेल तर ‘भारत स्काउट्स आणि गाइड्स’च्या जिल्हा कार्यालयाकडे चौकशी करायला त्यांना सांगा, आणि कॅप्टन म्हणून कोणाचे नाव द्यायचे ते आपल्या घरातच ठरवून जा.