एक जागा रिकामी आहे

मला एक दाढ नाही. उजवीकडची, खालची. तोंड उघडून दाखवल्याशिवाय ते कुणाला कळत नाही. पण मी कुणी न विचारताही उघडून दाखवतो, त्यामुळे अर्ध्या मुलुंड पूर्वेला आता ही गोष्ट ठाऊक आहे.

दाढ गेली भाजलेल्या चण्यावर. आधीच पोखरलेली होती, चणा निमित्तमात्र. डॉक्टरीणबाईंनी ती काढली आणि कार्डावर '४६' लिहिलं. मी दचकलो. ३२ दातांचा हिशेब पाठ असलेला मी बी. कॉम. माणूस, हे १४ जादा कुठून आले? त्यांनी समजावलं. तोंडाचे चार भाग, प्रत्येकात आठ दात. पहिला आकडा भागाचा, दुसरा दाताचा. चौथ्या भागातला सहावा, तो ४६. म्हणजे आमचा शाखेचा कोड आणि खातेक्रमांक!

जागा भरायचे उपाय दोन निघाले. एक ब्रिज. त्यात शेजारचे दोन धडधाकट दात घासून बारीक करायचे आणि त्यांच्या जिवावर खोटी दाढ बसवायची. कर्ज एकाचं, सोलून निघणार जामीनदार! दुसरा इम्प्लांट. जबड्याच्या हाडातच टायटॅनियमचा स्क्रू. स्वीडनमध्ये ब्रॅनेमार्क नावाच्या डॉक्टरांनी १९६५ साली तो पहिल्यांदा रुग्णाला बसवला म्हणे. योजना जुनी, खात्रीची. फक्त तीस हजारांची.

"विचार करून सांगतो," मी म्हटलं. हे वाक्य मी काउंटरवर वीस वर्षं ऐकत आलोय. म्हणायची पाळी पहिल्यांदाच आली.

घरी येऊन मी मुद्दा मांडला. "मुलुंड आणि भांडुपच्या मध्ये नाहूर स्टेशन २००६ साली झालं. त्याआधी तिथे नुसतीच जागा होती. कुणाची गाडी अडली होती का?"

"आणि आता तिथे किती माणसं चढतात ते बघा," ही म्हणाली आणि कुकर लावायला गेली.

सहा महिने मी त्या जागेसकट काढले. जेवण डावीकडून. नोटा मोजताना जीभ आपोआप तिकडे जाते, परवा त्यापायी एक बंडल तीनदा मोजलं. गाडीत खाल्लेला शेंगदाणा नाहूरला अडकला तो घाटकोपरला उतरेपर्यंत निघाला नाही. शिवाय डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की, शेजारचे दात हळूहळू त्या जागेत कलतात आणि वरची दाढ खाली उतरू लागते. लोकलमध्ये चौथ्या सीटवरचा उठला की उरलेले तिघं पसरतात, तसंच. हे सगळं मी रोज जेवताना हिला सविस्तर सांगत असे. ती बिचारी माझ्यासाठी भाजी जास्त शिजवायची.

परवा तपासणीला ही बरोबर आली. डॉक्टरीणबाई सहज म्हणाल्या, "काकू, बसा, तुमचेही बघते." आरसा आत घातला आणि कार्डावर लिहिलं, '३६'. तीच दाढ, फक्त डावीकडची. लग्नाला अठरा वर्षं झाल्यावर आमचा छत्तीसचा आकडा निघाला तो असा!

"कधी काढलीत?"

"झाली तीन वर्षं. माहेरी गेले होते तेव्हा. ह्याच्या शाळेची फी भरायची होती ना त्या महिन्यात, मग बसवायचं काही काढलं नाही."

तीन वर्षं! आणि मी आपला समजत होतो की, हिला चकली चहात बुडवूनच आवडते.

घरी परतताना मी फार बोललो नाही. हनुमान चौकात हिनेच विषय काढला, "अहो, दिवाळीचा बोनस आला की तुमची बसवून घ्या. उगीच जिभेला चाळा लागलाय."

मी 'हं' म्हटलं. पुढच्या शनिवारची, सकाळी अकराची वेळ मी कालच फोनवरून घेतलीय. हिच्या नावाने. तिला अजून सांगितलेलं नाही, ती आधी तीस हजारांचा हिशेब मागेल.