दुसरी खुर्ची

जऊळक्याला आमच्या लहानपणी गल्लीत क्रिकेट, शाळेत व्हॉलीबॉल. फुटबॉलची गोडी लागली ती अकोल्याला कॉलेजात गेल्यावर. तेव्हा मीटरगेजची गाडी होती. परतताना आमच्या बुटांचा चिखल डब्यात झडायचा, म्हातारी माणसं पाय आखडून घ्यायची. तिसऱ्या वर्षी गुडघा दुखावला आणि आमचा खेळ संपला.

सरांनी बोलावलं. म्हणाले, "माझ्यासोबत उभा राहा, पोरांना शिकव." आम्ही नाही म्हटलं. ज्या मैदानावर टाळ्या घेतल्या, तिथंच जाळ्या बांधायच्या, बॉलमध्ये हवा भरायची? अब्बांनी विचारलं, "पगार नाही म्हणून नको, की मान नाही म्हणून?" पगाराचं कारण पुढं केलं. ते खोटं होतं.

खालिद जमील यांची हकीकत वाचली आणि हे सगळं वर आलं. जन्म कुवेतचा, खेळले मुंबईत, महिंद्रा युनायटेड आणि एअर इंडियाकडून. दुखापतींनी खेळ लवकर आटपला, मग प्रशिक्षक झाले. 2017 साली ऐझॉलसारख्या छोट्या संघाला त्यांनी आय-लीग जिंकून दिली. एवढं केलेला माणूस 2020 मध्ये नॉर्थईस्ट युनायटेडमध्ये जेरार्ड नूस या स्पॅनिश प्रशिक्षकाचा सहायक म्हणून बसला! आम्ही तर काहीच जिंकलं नव्हतं. 2021 च्या जानेवारीत नूस गेले, संघ खालिदभाईंच्या हाती आला आणि उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला. 2025 च्या ऑगस्टमध्ये ते भारताचे प्रशिक्षक झाले.

तेव्हा आमच्या ओट्यावर "आपला माणूस" म्हणून केवढं कौतुक! हैदराबादचे रहीमसाहेबही निघाले बोलण्यात. पेशानं शिक्षक, 1962 चं जकार्ताचं सुवर्णपदक आजारी अंगानं मिळवून दिलं आणि पुढच्याच वर्षी गेले. ऑक्टोबरात मडगावला सिंगापूरकडून भारत हरला, आशिया चषकाची वाट बंद झाली. ओट्यावर कुणी खालिदभाईंचं नाव काढलं नाही. आम्हाला हे खटकलं. आपला असेल तर हरल्यावरही आपलाच ना?

मागच्या महिन्यात भाच्यानं मैदानावर नेलं. पोरांना शिकवणारा जवान आमच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. त्याला म्हटलं, काही काम सांगा. तो संकोचला. मग म्हणाला, "मामू, त्या चार विटा दहा-दहा पावलांवर मांडाल?"

गुडघा कुरकुरत होता. आम्ही पावलं मोजू लागलो.