बोर्डावरची मिसळ आणि चाळिशीतला बारक्या



सुट्टी लागली की आपल्या सोलापूरकरांच्या गाड्या बहुतेक वेळा पुण्याच्या दिशेनेच निघतात. मोहोळ, मोडनिंब, टेंभुर्णी, मग भीमेचा पूल, इंदापूर, भिगवण. हा क्रम आपल्याला पाढ्यासारखा पाठ असतो. पूर्वी याला राष्ट्रीय महामार्ग ९ म्हणायचे, आता तो ६५ झालाय. दुपदरी रस्ता चौपदरी झाला, काही गावं बाजूला पडली आणि गावांबरोबर रस्त्याकडेची जुनी हॉटेलंही बाजूला पडली. तरी आपल्या वयाच्या माणसांना विचारा, "प्रवासात खाल्लेलं सगळ्यात चांगलं काय?" उत्तर एखाद्या जुन्या हॉटेलातलंच येणार. एसटी "दहा मिनिटं थांबेल" असं कंडक्टरने सांगितलं, की धावत जाऊन खाल्लेली मिसळ. बशीत ओतून प्यायलेला चहा. काचेच्या बरणीतली शेव.

आज अशाच एका हॉटेलाविषयी लिहितेय. ते कुठलं, ते सांगत नाही, कारण मुद्दा त्या एकाच हॉटेलाचा नाही. मोहोळच्या पुढे, जुन्या रस्त्याला लागून आहे एवढं पुरे. लहानपणी वडिलांबरोबर एसटीने जाताना तिथे खाल्लं होतं. यंदा आम्ही पाच जण कारने गेलो, तेव्हा मीच आग्रह धरला की फूड मॉलमध्ये नको, इथे थांबू या.

हॉटेल फारसं बदललेलं नाही. फरशीची टेबलं, भिंतीवर हार घातलेले देव, गल्ल्यावर मालक. आधी वडील बसायचे, आता मुलगा बसतो. गल्ल्याच्या मागे पदार्थांचा मोठा बोर्ड, ऑइलपेंटने रंगवलेला. किमतींचे आकडे मात्र कितीदा तरी पुसून पुन्हा लिहिलेले. आणि गिऱ्हाइकांकडे बघायला एकच माणूस. वय चाळिशीच्या आसपास, कानाजवळचे केस पिकलेले. मालक त्यांना हाक मारतात, "ए बारक्या!"

दोन मिसळ, दोन पुरीभाजी, एक प्लेट भजी, तीन चहा, एक दूध. शिवाय मधे मधे चार जादा पाव. त्यांनी काहीही लिहून घेतलं नाही. शेजारच्या दोन टेबलांची ऑर्डरही डोक्यातच होती. आम्ही उठलो तसे ते टेबल पुसता पुसताच बोलायला लागले, "एकशेचाळीस नि एकशेऐंशी, तीनशे वीस. भजी चाळीस, तीनशे साठ. चहा पंचेचाळीस, चारशे पाच. दूध वीस, पाव वीस." आणि गल्ल्याकडे बघून ओरडले, "चारशे पंचेचाळीस!"

माझी तिसरीतली मुलगी अजून बोटांवर चहाचाच हिशोब करत होती. सहावीतल्या मुलाने त्यांना सरळ विचारलं, "काका, तुम्ही कितवीपर्यंत शिकलात?"

"तिसरीतनं शाळा सुटली बघ. बा वारला. तवापासनं हितंच."

यावर चिरंजीव माझ्याकडे वळले. "मम्मी, बघ! शाळा नाही तरी किती फास्ट. मग मला पाढे कशाला पाठ करायला लावतेस?"

मित्रहो, हा प्रश्न एकट्या पोराचा नाही. मोठी माणसंही हेच बोलतात. "शिकून कोणाचं भलं झालंय? त्या हॉटेलातल्या पोराकडे बघा, कॅल्क्युलेटर आहे नुसता!" पालक सभेत हे वाक्य मी कितीदा ऐकलंय. म्हणून याचं उत्तर नीट द्यायला हवं.

२०२५ साली 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत भारतातल्याच मुलांवरचा एक अभ्यास आला. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या १,४०० हून अधिक मुलांना त्यांनी तपासलं. बाजारातला हिशोब, म्हणजे इतक्या किलोचे इतके, शंभरच्या नोटेतून परत किती, हे बहुतेक मुलं तोंडी अचूक सांगायची. पण शाळेच्या पद्धतीने कागदावर वजाबाकी-भागाकार दिला की तीच मुलं अडायची. शाळेत जाणाऱ्या मुलांचं नेमकं उलट होतं. कागदावरचं जमायचं, बाजारातला व्यवहार समोर आला की गाडी अडायची. एका ठिकाणचं गणित दुसऱ्या ठिकाणी आपोआप जात नाही, हा त्याचा सारांश.

म्हणजे बघा, चूक दोन्ही बाजूंना आहे. आपल्या वर्गातली मुलं उदाहरण सोडवतात, पण हॉटेलचं बिल तपासत नाहीत. आणि ज्याला बिल येतं, त्याचं ते गणित हॉटेलच्या बाहेर चालत नाही. हॉटेलच्या बाहेर काय चालत नाही, हे त्याच दुपारी पाच मिनिटांत समोर आलं.

मुलीने मधेच सांगून टाकलं होतं, "आमची मम्मी शाळेत शिकवते." हात पुसत ते जवळ आले. खिशातून मोबाइल काढला. "मॅडम, पोरीच्या शाळंतनं काय तरी आलंय. वाचून दावता का?"

मी म्हटलं, "मुलगी कितवीत आहे?"

"नववीला हाय. वाचती की ती. पर तिच्याबद्दलचंच असलं तर ती काय सांगंल तेच ऐकावं लागतंय!" आणि हसले.

मेसेज साधा होता. शनिवारी सकाळी दहा वाजता पालक सभा, पालकांनी उपस्थित राहावे, मुलांची प्रगती दाखवली जाईल. मी वाचून दाखवला. त्यांनी पुन्हा वाचायला लावला. म्हणाले, "ती म्हनली, सुट्टीचा मेसेज हाय." मग गल्ल्याकडे बघून, "मालक, शनवारी सकाळची सुट्टी पायजे." मालक म्हणाले, "जा की."

मुलगा शेजारीच उभा होता. त्याच्या प्रश्नाला मला वेगळं उत्तर द्यावं लागलं नाही. ४४५ रुपये क्षणात जोडणाऱ्या माणसाला स्वतःच्या मुलीबद्दलच्या दोन ओळी परक्या बाईकडून वाचून घ्याव्या लागतात. ही हुशारीची कमतरता नव्हे. हुशारी त्यांच्याकडे भरपूर आहे. तिसरीनंतर जे मिळायला हवं होतं, ते मिळालंच नाही.

आता जुन्या हॉटेलांच्या आठवणींकडे येते. आपण चव, वास, बाकडी, रेडिओ सगळं आठवतो. एका हातात चार-चार ग्लास धरून, त्यात बोटं बुडवून पाणी आणणारं पोरगंही त्या चित्रात असतं, पण आठवणीत त्याला चेहरा नसतो. ते आपल्याच वयाचं होतं. आपण दहा मिनिटांनी एसटीत बसून पुढे गेलो, ते तिथेच राहिलं. आणि त्या काळी यात बेकायदेशीर असं फारसं काही नव्हतं, हेही लक्षात घ्या. १९८६ च्या बालकामगार कायद्याने ठरावीक कामांवरच बंदी घातली होती. रेल्वे स्टेशनवर फलाटाफलाटांवरून किंवा चालत्या गाडीत चढउतार करून खाद्यपदार्थ विकण्याचं काम त्या यादीत होतं, रस्त्याकडेचं हॉटेल नव्हतं. ढाबे, हॉटेलं आणि घरकाम यांत १४ वर्षांखालच्या मुलांना ठेवण्यावर बंदी आली ती १० ऑक्टोबर २००६ पासून. शिक्षण हक्क कायदा लागू झाला १ एप्रिल २०१० ला. पुढे २०१६ च्या दुरुस्तीने १४ वर्षांखालच्या मुलांना कुठल्याही कामावर ठेवण्याला बंदी झाली, शाळा सांभाळून घरच्या धंद्यात केलेली मदत वगैरे काही अपवाद सोडून. या सगळ्या तारखा बारक्यासाठी उशिराच्या. त्यांच्या मुलीसाठी मात्र वेळेवर आल्या.

निघण्याआधी एक गंमत झाली, ती मुद्दाम सांगते. मुलगी बोर्ड वाचत होती. ते म्हणाले, "वरनं चौथी वळ भज्याची." ती म्हणाली, "नाही काका, चौथी बटाटावड्याची आहे. भजी पाचवी." बोर्ड पुन्हा रंगवताना एक पदार्थ वाढला होता. इतकी वर्षं तो बोर्ड डोळ्यांसमोर होता, पण त्यांना ओळींच्या जागा पाठ होत्या, अक्षरं नव्हती. मग तिने पहिल्या ओळीकडे बोट दाखवलं. "हा बघा, मि-स-ळ. हा 'म'." त्यांनी डोळे बारीक केले. "मोहोळच्या गाडीवर बी पयलं हेच असतंय की!"

डी.एड.ला आपण सगळ्यांनी 'ज्ञाताकडून अज्ञाताकडे' हे शिक्षणसूत्र पाठ केलंय, पाठ टाचणात हजारदा लिहिलंय. ते कसं दिसतं, ते मी त्या दिवशी पाहिलं. काना-मात्रा त्यांना कोणी सांगितल्या नव्हत्या. पण मिसळीचा म आणि मोहोळचा म एकच, हे त्यांचं त्यांनी शोधलं.

मी त्यांना उल्लास नवभारत साक्षरता कार्यक्रमाबद्दल सांगितलं. २०२२ ते २०२७ असा त्याचा कालावधी, वय १५ च्या पुढच्या निरक्षरांसाठी. आपल्यापैकी अनेकांना तो आठवतो तो सर्वेक्षण आणि ऑनलाइन नोंदींच्या वैतागासकट, मलाही. ते म्हणाले, "मॅडम, रात्री अकराला सुटतो. कवा शिकू?" याचं उत्तर माझ्याकडे तयार नव्हतं. त्यांच्या मुलीलाच स्वयंसेवक करा, असं सुचवलं. नववीतली पोर रोज एक पदार्थ, एक शब्द शिकवू शकते. मालकांनाही सांगितलं, की दुपारी गर्दी नसते तेव्हा पंधरा मिनिटं बोर्डासमोर बसू द्या. मालक हो म्हणाले. पुढे काय झालं, ते पुन्हा त्या रस्त्याने जाईन तेव्हा कळेल.

तुम्ही या सुट्टीत कुठे निघालात, तर जुन्या हॉटेलात जरूर थांबा. मुलांना बोर्ड मोठ्याने वाचायला सांगा. बिल त्यांना आधी तोंडी करू द्या, मग कागदावर मांडून दोन्हींचा ताळा बघायला लावा. वर्गातही हे करता येतं. फळ्यावर दहा पदार्थांचा बोर्ड लिहा, दोघांना वेटर करा, बाकीचे गिऱ्हाईक. ऑर्डर लक्षात ठेवायची, बिल सांगायचं, सुट्टे परत द्यायचे. नंतर तेच व्यवहार वहीत उदाहरण म्हणून लिहायचे. तिसरी-चौथीला एक तासिका पुरते. बाजारातलं गणित आणि वहीतलं गणित जोडायचं असेल, तर असा सराव हवाच.

आणि पाणी आणणारं कोणी १४ च्या आतलं दिसलं, तर फोटो काढू नका, त्याच्यावर ओरडूही नका. नाव विचारा, शाळा विचारा आणि १०९८ ला फोन करा. तिसरीत सुटलेलं पोर चौथीत परत येऊ शकतं. चाळिशीत तेच फार अवघड होतं.

आपले अनुभव जरूर कळवा.