बोटाचा हट्ट

नवी फेलो आल्यापासून आमच्या ऑपरेशन थिएटरातले दिवे सारखे मंद होतात. योनिमुखाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनात आयसीजी हा चमकणारा रंग टोचला की पडद्यावर लसिकावाहिनी जांघेपर्यंत उजळत जाते. मी टेक्नेशियम टिपणारा प्रोब लावून त्याच्या आवाजाला कान देईपर्यंत ही पोरगी म्हणते, "सर, दिसला." सेंटिनल नोड, कॅन्सर पसरताना आधी जिथं पोचतो ती लसिकाग्रंथी, तिला माझ्याआधी सापडतो. हे मला आवडत नाही. साठीला आल्यावर खोटं कशाला बोलू?

पण नोड फ्रोझन तपासणीला गेला तरी मी टाके घालू देत नाही. आधी जखमेत बोट. सफेनस शिरेच्या कडेनं, मग खोल, फीमोरल शिरेच्या आतल्या अंगाला. कॅन्सरनं गच्च भरलेली ग्रंथी टेक्नेशियम घेत नाही, रंगही घेत नाही. वाट तुंबली की लसिका शेजारच्या ग्रंथीकडे वळते आणि पडद्यावर चमकते ती शेजारीण. तिचा रिपोर्ट निर्मळच येणार. योनिमुखाचा कॅन्सर जांघेत उलटला तर फार थोड्या बायका वाचतात.

बोटालाही सगळं कळतं असं नाही. शेतात अनवाणी राबणाऱ्या, टाचा भेगाळलेल्या बाईच्या जांघेत अवधाण कायमचंच. ते लवचीक, सरकतं. कॅन्सरची गाठ कडक. फेलो विचारते, "कडक म्हणजे किती?" दोन हातमोज्यांतून ते कसं सांगायचं? तिचं बोट धरून त्या गाठीवर टेकवतो. तिला कळत नाही, आणि मनातून मला बरं वाटतं. मधल्या गाठींचं मलाही नक्की सांगता येत नाही. त्या काढतो, फ्रोझनला देतो.

आमच्यातले काही अजून दोन्ही जांघा सरसकट रिकाम्या करतात आणि किती नोड काढले ते मिरवतात. बाईच्या सुजलेल्या पायात चप्पल जात नाही, ते सांगत नाहीत. दुसरे कुठल्याही बाईला 2008 चा अभ्यास ऐकवतात: योनिमुखावर एकच गाठ, सेंटिनल निर्मळ, अशा 259 जणींपैकी फक्त 6 जणींच्या जांघेत कॅन्सर उलटला. आकडा खरा आहे. पण त्या अभ्यासात योनिमुखावरची गाठ 4 सेंटिमीटरहून लहान हवी होती आणि जांघेत संशयास्पद काही हाताला लागलेल्या बायका घेतल्याच नव्हत्या. म्हणजे बोट तिथं आधीच फिरलं होतं. मित्रांनो, तेवढी अट वाचा, मग बाईला आकडा सांगा.