साखरेची ढेप

१. १५९८. पॉल हेन्ट्झनर नावाचा जर्मन प्रवासी एलिझाबेथ राणीला बघतो. दात काळे. इंग्रजांच्या फार साखर खाण्यामुळे असं होत असावं, असं तो लिहून ठेवतो.

२. इंग्लंडमध्ये माणशी वर्षाला साखर, ढोबळ अंदाजाने: १७०० च्या सुमारास ४ पौंड, १८०० च्या सुमारास १८, १९०० च्या सुमारास ९०.

३. साखर ढेपेने मिळायची. शंकूसारखी, दगडासारखी टणक, निळ्या कागदात गुंडाळलेली. निळ्यात पांढरं अधिक पांढरं दिसतं. आपणही धोतराला नीळ घालायचोच. फोडायला लोखंडी चिमटा, थेट आपल्या अडकित्त्याच्या जातीचा. चहापुरता खडा तोडायचा नि ढेप पुन्हा कुलपात.

४. कॅरिबियन बेटांवर उसाच्या चरकाशेजारी एक धारदार पातं ठेवलेलं असे. रात्रपाळीत पेंगलेल्या गुलामाचा हात चरकात ओढला गेला, तर तोडायला. ही ओळ वाचल्यापासून मला चरक पाहवत नाही.

५. १७९१. विल्यम फॉक्सची स्वस्त पुस्तिका. हिशेब असा: आठवड्याला ५ पौंड साखर लागणाऱ्या घराने २१ महिने ती सोडली, तर एका माणसाची गुलामी किंवा हत्या टळेल. लाखोंनी साखर सोडली. बायकांना मताचा हक्क नव्हता. घरात कुठली साखर यायची, ते मात्र त्या ठरवू शकत होत्या. किराण्याच्या हिशेबात माणूस धरणारी ही वही मला फार मोलाची वाटते.

६. पुढे साखरदाण्यांवर अक्षरं आली: ईस्ट इंडियाची साखर, गुलामांनी न बनवलेली. पण ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखात गुलामीची कायदेशीर मान्यता गेली १८४३ मध्ये.

७. १८३३ चा गुलामांच्या मुक्तीचा ब्रिटिश कायदा. मालकांना भरपाई २ कोटी पौंड. गुलामांना काही नाही. भरपाईसाठी काढलेलं कर्ज पुरतं फिटलं २०१५ मध्ये.

८. एप्रिल १९४९: ब्रिटनमध्ये गोळ्या-चॉकलेटांचं महायुद्धापासूनचं रेशन उठलं. मागणी इतकी, की ऑगस्टमध्ये पुन्हा लागलं. कायमचं उठलं ५ फेब्रुवारी १९५३ ला, साखरेचं त्याच सप्टेंबरात. २०२४ मधल्या एका अभ्यासात दिसलं, की पोटात असताना आणि पहिली दोन वर्षं रेशनच्या काळात गेलेल्यांना पुढे टाइप-२ मधुमेहाचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी कमी होता.

९. शर्करा फारसी-अरबीतून फिरत इंग्रजीत 'शुगर' झाली. आता आमच्याकडे कुणी 'शुगर आहे' म्हणालं, की समोरचा विचारतो, "गोळ्या चालू आहेत का?"