बूट सैल नको

यंदा पुन्हा गुलमर्गला स्कीइंग शिकायला गेले. बुटात चामडं नाही ना, हे आधी विचारून घेतलं. कवच प्लॅस्टिकचं, अस्तर फोमचं.

मागच्या वेळी आरामासाठी मोठं माप घेतलं होतं. टाच उचलली जायची, स्की वळायची नाही. बक्कल आवळलं की पाय बधिर. पडले की दोष मात्र वयाला!

या वेळी पाऊल सेंटिमीटरमध्ये मोजलं. अस्तर काढून पाय कवचात घातला, बोटं पुढे टेकवली; टाचेमागे दीड बोट जागा उरली. मोजा एकच, पातळ. उभं राहिल्यावर बोटं जेमतेम टेकतात, गुडघे वाकवले की मागे सरकतात. घट्ट, पण दुखत नाही.

नियमाचंही असंच. सोयीसाठी सैल केला की बरं वाटतं. उतारावर मात्र तो सावरत नाही.